स्पार्टन फेडरेशन घेऊन जिंकायचं कसं? (अल्फा सेंटॉरी)

कवचकुंडल

'अल्फा सेंटॉरी' परत खेळायला घेतलाय. १९९९ चा गेम, फिरॅक्सिसचा, पण सात गटांचं वेगळेपण इतकं नेमकं जमलेला दुसरा स्ट्रॅटेजी गेम मला अजून मिळालेला नाही. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: 'युनिटी' नावाचं यान पृथ्वीवरून माणसं घेऊन निघतं, पोचता पोचता यानावर बंडाळी माजते, कॅप्टन गारलंडचा खून पडतो आणि वाचलेली माणसं सात गटांत फुटून २१०१ साली कायरन ग्रहावर उतरतात. गट देशांचे नाहीत, विचारांचे आहेत. कुणी विज्ञानवाले, कुणी धर्मवाले, कुणी धंदेवाले. आणि कर्नल कोराझोन सँटियागोचे स्पार्टन म्हणजे शस्त्र हातात असेल तोच जगेल असं मानणारे.

कागदावर स्पार्टनांकडे काय आहे? मोराल (सैनिकांचा दर्जा) +२, पोलीस (बेसमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, दंगली रोखण्याची क्षमता) +१, इंडस्ट्री (उत्पादन) -१. समाजरचनेत, म्हणजे सत्ता, अर्थव्यवस्था आणि मूल्यं निवडताना, 'वेल्थ' (संपत्ती) हे मूल्य निवडता येत नाही. प्रोटोटाइपचा (नव्या घडणीच्या पहिल्या तुकडीचा) जादा खर्च लागत नाही. सुरुवातीलाच 'डॉक्ट्रिन: मोबिलिटी' मिळतं, म्हणजे पहिल्या वळणापासून रोव्हर (चाकांची वेगवान तुकडी).

माझं म्हणणं असं, की सँटियागोला लोक चुकीच्या कारणासाठी निवडतात. मोराल बघून निवडतात आणि मग शंभर वर्षं तयारी करत बसतात. तोवर इंडस्ट्री -१ ने कंबरडं मोडलेलं असतं, कारण प्रत्येक गोष्ट दहा टक्क्यांनी महाग: फॉर्मर (जमीन सुधारणारे), कॉलनी पॉड (नवा बेस वसवणारे), सीक्रेट प्रोजेक्ट (एकालाच बांधता येणारे मोठे प्रकल्प), सगळंच. मोरालचा फायदा फक्त लढाईच्या वळणाला मिळतो, इंडस्ट्रीचा फटका दर वळणाला बसतो. म्हणून या गटाची खरी ताकद प्रोटोटाइप आणि रोव्हर ही आहे, आणि ती लवकर वापरली नाही तर सडते.

वरच्या दोन अवघड पातळ्यांवर, म्हणजे थिंकर आणि ट्रान्सेंडवर, स्पार्टा कोण खेळतं? कसं खेळता?

---

उंटावरचा

लढायचंच असेल तर धर्मवाल्यांची सिस्टर मिरियम घ्या. हल्ल्यात सरळ २५ टक्के जास्त. विषय संपला.

---

भूमिती

उंटावरचा, विषय संपत नाही हो, तिथूनच सुरू होतो.

बऱ्याच जणांना वाटतं मोराल +२ म्हणजे दोन पायऱ्या वर. तसं नाही. +२ ला हल्ल्यात एकच पायरी मिळते, बचावात दोन. एक पायरी म्हणजे साडेबारा टक्के. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर मिरियमचे २५ टक्के सँटियागोच्या साडेबारापेक्षा दुप्पट आहेत, इतपत तुमचं बरोबर.

पण मिरियमला रिसर्च -२ आहे आणि २११० पर्यंत तर तिचं संशोधन सुरूच होत नाही. आता शस्त्रांचे आकडे बघा. हातातली बंदूक १, लेझर २, इम्पॅक्ट ४. लेझरवरून इम्पॅक्टवर गेलात की ताकद दुप्पट, शंभर टक्के वाढ. या उडीपुढे २५ टक्के काय आणि साडेबारा काय! स्पार्टाचं संशोधन साधं आहे, खास नाही, पण अडलेलंही नाही. 'अप्लाइड फिजिक्स' आणि 'इन्फर्मेशन नेटवर्क्स'वरून 'नॉनलिनियर मॅथेमॅटिक्स' गाठलं की इम्पॅक्ट हातात. मिरियम तिथे पोचेपर्यंत तुमचे रोव्हर तिच्या दारात उभे असतात.

शिवाय स्पार्टाची वाढ पुढे होते. समाजरचनेत 'पॉवर' हे मूल्य निवडलंत की आणखी मोराल +२. एकूण +४ ला तीन पायऱ्या मिळतात. त्यात बेसमध्ये कमांड सेंटर असेल तर आणखी दोन. म्हणजे ग्रीनच्या (नवख्या) जागी थेट एलिट (सर्वांत वरच्या दर्जाची) तुकडी कारखान्यातून बाहेर पडते, आणि एलिटला एक चाल जादा. हे बाकी कुठल्याच गटाला इतक्या लवकर जमत नाही.

---

कवचकुंडल

भूमिती, एलिटचं गणित मान्य. पण 'पॉवर' बरोबर इंडस्ट्री -२ येते. स्पार्टाची मूळची -१ धरून -३. तीस टक्के महाग! एलिट सैन्य मिळतं खरं, पण चार तुकड्यांच्या जागी तीन. माझ्या मते 'पॉवर' फक्त चढाईच्या काळात घ्यावं. रोव्हर आधी बांधून ठेवायचे, मग 'पॉवर' लावायचं, बेस पाडायचे, आणि लगेच काढायचं. बदलाला ऊर्जा लागते, ती लागू द्यावी.

---

दर्यावर्दी

प्रोटोटाइपबद्दल मूळ पोस्टमध्ये एका ओळीत आटोपलंय, आणि धाग्याचा जीव तर तिथेच आहे. म्हणून जरा लिहितो.

या गेममध्ये तुकड्या तयार मिळत नाहीत, आपण जुळवायच्या असतात. चाक, शस्त्र, चिलखत, पुढे रिअॅक्टर. यातला एखादा भाग पहिल्यांदाच वापरात आणला की ती पहिली तुकडी प्रोटोटाइप ठरते आणि दीडपट महाग पडते. बाकीच्या गटांना हे टाळायचं तर आधी बेसमध्ये स्कंकवर्क्स ही इमारत बांधावी लागते. त्यामुळे विज्ञानवाल्यांचा झाखारोव किंवा संयुक्त राष्ट्रांची सनद मानणारा लाल घेऊन खेळताना आपण नकळत कंजूष होतो. नवीन शस्त्र आलं तरी 'आत्ता नको, चाललंय ते चालू दे' असं होतं.

स्पार्टात हा हिशेब डोक्यातून जातो. शोध लागला, त्याच वळणाला सगळ्या बेसमध्ये नवी तुकडी लागली. आणि प्रोटोटाइपला जादा मोराल मिळतं ते वेगळंच. लढाई चालू असताना समोरच्यानं सिंथमेटलचं चिलखत चढवलं तर आपण त्याच वळणाला उत्तर तयार करू शकतो. हा फायदा आकड्यात दिसत नाही, हाताला लागतो. सगळ्या गेममधला सर्वांत लवचीक गट मी स्पार्टा मानतो, आणि लोक त्याला सर्वांत ठोकळेबाज समजतात.

---

हेमाताई

गेम मी खेळते, पण माझा विषय इतिहास. म्हणून थोडं अवांतर.

हा 'वेल्थ'चा नकार आणि इंडस्ट्रीतली घट मला फार आवडते, कारण खऱ्या स्पार्टाची हीच कहाणी आहे. प्लुटार्क सांगतो की लायकर्गसनं सोन्या-चांदीची नाणी बंद करून लोखंडाची आणली, कुणाला संपत्ती साठवताच येऊ नये म्हणून. पूर्ण नागरिकाला व्यापार-कारागिरी वर्ज्य. तो फक्त सैनिक. शेती हेलॉट (वेठीला बांधलेले लोक) करणार, धंदा आजूबाजूच्या गावचे पेरिओइकॉय करणार.

परिणाम काय झाला? माणसंच संपत गेली. सामाईक भोजनाचा वाटा देता आला नाही की नागरिकत्व जायचं. इ. स. पू. ४८० साली थर्मोपिलीला उभं राहणारं हे नगर, इ. स. पू. ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्जकडून हरलं. झेनोफनच्या आकड्यानुसार त्या दिवशी रणात असलेल्या ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले. एका दिवसात! त्यानंतर स्पार्टा सावरलंच नाही. अॅरिस्टॉटलनं कारण सरळ दिलंय: माणसं कमी पडली.

गेममध्ये बघा, सँटियागोचंही तसंच होतं. एका तुकडीला एक भारी असते, पण गेलेली भरून काढायला वेळ लागतो.

---

रानवेडा

हेमाताई, असे प्रतिसाद वाचले की इथे आल्याचं सार्थक होतं.

---

सातवा_गडी

हेमाताई, माहिती उत्तम, पण निष्कर्षाशी असहमत.

सँटियागोचे लोक नावाने स्पार्टन आहेत, स्वभावाने नाहीत. तिची मूळ भूमिका अमेरिकेतल्या सर्व्हायव्हलिस्ट लोकांची आहे: स्वतःचं शस्त्र, स्वतःचं संरक्षण, सरकारवर भरवसा नाही. ग्रीक स्पार्टा याच्या अगदी उलट. तिथे सात वर्षांचं पोर घरातून काढून राज्याच्या ताब्यात द्यायचे. गेममध्ये त्याच्या जवळ जाणारा गट शोधायचा तर तो चेअरमन यांगचा हाइव्ह. तिथे माणूस म्हणजे यंत्राचा दात. सँटियागोला लोकशाही निवडता येते, यांगला येत नाही, हे विसरू नका.

लष्करशाही दोन प्रकारची असते. राज्य सगळ्यांना सैनिक बनवतं ती एक, आणि सगळे सैनिक मिळून राज्य बनवतात ती दुसरी. गेम बनवणाऱ्यांना हा फरक कळलेला होता म्हणून हे दोन गट वेगळे केलेत. लढवय्या दिसला की हुकूमशहा समजायचं, ही आपली सवय आहे, गेमची नाही.

---

हेमाताई

सातवा गडी, यांगची तुलना पटली. पण हाइव्हला इंडस्ट्री +१ आहे आणि ग्रोथ +१. खऱ्या स्पार्टाला यातलं काहीच नव्हतं. आर्थिक बाजूनं बघितलं तर दुखणं सँटियागोचंच जुळतं. नाव उगाच दिलेलं नाही.

---

टिवल्याबावल्या

इतिहास राहू दे, मला एवढंच माहीत आहे की मी 'वेल्थ' निवडलं रे निवडलं की सँटियागोबाई स्क्रीनवर हजर. शेजारच्या घरी भांडी आपटल्यावर येणाऱ्या काकूंसारखी. आणि मोराल तर तेव्हा माझं -२ असतं. म्हणजे बरोबर चुकीच्या वेळी!

---

मध्यरात्र

मी स्पार्टा ट्रान्सेंडवर खेळते आणि शक्यतो लढत नाही. आता सगळे अंगावर येतील, पण आधी ऐका.

इंडस्ट्री -१ ला औषध आहे: 'प्लॅन्ड' अर्थव्यवस्था. ग्रोथ +२, इंडस्ट्री +१, एफिशियन्सी -२. इंडस्ट्री शून्यावर आली. आता त्याबरोबर 'डेमोक्रॅटिक' घ्या. ग्रोथ +२, एफिशियन्सी +२, सपोर्ट -२. एफिशियन्सीही शून्यावर. म्हणजे स्पार्टाची एकमेव कमतरता गेली, आणि ग्रोथ +४ हातात. आता प्रत्येक बेसमध्ये चिल्ड्रन्स क्रेश बांधा, आणखी +२. एकूण +६. या आकड्याला लोकसंख्येचा स्फोट होतो: पुरेसं अन्न शिल्लक असेल तर बेस दर वळणाला एकेक माणसानं वाढतो.

हे सगळं 'एथिकल कॅल्क्युलस' आणि 'प्लॅनेटरी नेटवर्क्स' या दोन शोधांत होतं. सगळे बेस हॅब कॉम्प्लेक्स (राहायची जादा इमारत) नसतानाच्या मर्यादेला, सातला, जाऊन टेकतात. तोवर सप्लाय क्रॉलर (माल वाहणाऱ्या गाड्या) लावून ठेवायचे आणि सीक्रेट प्रोजेक्टमध्ये ओतायचे.

मग लष्कराचं काय, तर ते बचावासाठी. भूमितीनं लिहिलंच आहे, मोराल +२ ला बचावात दोन पायऱ्या. माझ्या बेसमध्ये एकेक तुकडी असते आणि ती टिकते. बाकीच्यांना दोन-दोन ठेवाव्या लागतात. जी तुकडी बांधावी लागली नाही तिचा खर्च वाचला, हाच माझ्यासाठी मोरालचा खरा उपयोग.

---

उंटावरचा

मग स्पार्टा घ्यायचीच कशाला? हे सगळं प्रवीण लालला जास्त चांगलं जमतं. दर चार माणसांमागे एक टॅलेंट (समाधानी नागरिक) फुकट, हॅब मर्यादा दोनने जास्त, निवडणुकीत मतं दुप्पट.

---

मध्यरात्र

कारण लालला मारता येतं. मला येत नाही.

---

दर्यावर्दी

हा प्रतिसाद चौकटीत लावून ठेवावा.

---

आटपाटनगर

मी बाहेर असतो, ऑफिसात एक पोलिश मित्र आहे, तो कायम सँटियागो घेतो आणि मी कायम लाल. आपला भारतीय माणूस म्हणून सुरुवात केली, पण आता खरंच तो गट आवडतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर चालणारा डॉक्टर! १९९९ च्या अमेरिकन गेममध्ये भारतीय पात्र इतक्या गंभीरपणे लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही. नकली उच्चार नाही, हत्ती-साप नाहीत. त्याच्या तोंडी लोकशाहीबद्दल जे आहे ते गेममधलं सगळ्यात वजनदार लिखाण आहे.

आणि सँटियागो शेजारी आली की हा सगळा तत्त्वविचार पहिल्या तीस वर्षांत धुळीला मिळतो, हेही तितकंच खरं. एफिशियन्सी -१ असल्यानं लांबचे बेस निस्तेज, आणि समोर रोव्हर. मला वाटतं गेमचा सगळ्यात चांगला संघर्ष हाच आहे. सनद मोठी की बंदूक, याचं उत्तर गेम देत नाही. कुणाच्या शेजारी कोण उतरलं त्यावर ठरतं.

---

नवखा०७

गेम विंडोज ११ वर चालतो का? कुठे मिळेल?

---

भूमिती

गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर मिळतो, 'एलियन क्रॉसफायर' हा विस्तार त्यातच येतो. वर 'थिंकर' नावाचा मॉड (चाहत्यांनी केलेला बदल, त्याच नावाची पातळी वेगळी) टाका. मूळ गेममध्ये संगणकाचे गट फारच सुस्त आहेत, थिंकर टाकल्यावर ते भरभर बेस वसवतात. धाग्याच्या विषयाला धरून सांगतो: मूळ गेममध्ये संगणकाची सँटियागो बहुतेक वेळा मागे पडते, कारण इंडस्ट्री -१ असताना ती तुकड्याच बांधत बसते. मॉडमध्ये ती आधी पसरते आणि मग येते. तेव्हा तिची भीती वाटते.

---

रानवेडा

पहिल्या वीस वर्षांबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

स्पार्टाचा रोव्हर म्हणजे पॉड गोळा करायचं यंत्र. यानातून विखुरलेले पॉड जमिनीवर पडलेले असतात, बाकीच्यांचे स्काउट पायी चालतात, तुमचा दुप्पट वेगानं. कुठे ऊर्जा, कुठे नवा शोध, कुठे एखादी तुकडी. आणि कुठे माइंड वर्म (मनावर हल्ला करणारे इथले किडे).

इथे नवे लोक घाबरून बेसकडे पळतात. पळू नका. माइंड वर्मशी लढाई सायकिक असते, तुमचं शस्त्र आणि चिलखत दोन्ही मोजलं जात नाही. जमिनीवर जो आधी हल्ला करतो त्याला ३ ला २ असा फायदा. आणि मोराल मात्र मोजलं जातं! म्हणजे स्पार्टाचा साधा, बिनचिलखताचा, सगळ्यात स्वस्त रोव्हर हा या ग्रहावरचा सर्वोत्तम किडेमार आहे. वर्म झेनोफंगसमधून (ग्रहावरच्या बुरशीतून) बाहेर आला, शेजारच्या चौकोनात थांबला, की पुढच्या वळणाला तुम्ही पहिला घाव घाला. तो तुमच्यावर आला तर तोच फायदा त्याचा. मेलेल्या वर्ममागे ऊर्जा मिळते. त्या ऊर्जेवर मी पहिले फॉर्मर घाईनं पुरे करून घेतो, आणि इंडस्ट्री -१ ची झळ सुरुवातीला लागतच नाही.

एक पथ्य: जखमी रोव्हर घेऊन दुसऱ्या वर्मवर जाऊ नका. आधी बेसमध्ये बरा करा.

---

कवचकुंडल

रानवेडा, हे उत्तम. पोलीस +१ वर कुणी बोललं नाही अजून. +१ ला बेसमध्ये दोन तुकड्या पोलीस म्हणून चालतात. 'पोलीस स्टेट' घेतलं की +३, तीन तुकड्या आणि प्रत्येकीचा परिणाम दुप्पट. ड्रोन (असंतुष्ट नागरिक) आणि त्यांच्या दंगली विसरा. मध्यरात्रच्या पद्धतीत हे वाया जातं असं मला वाटतं.

---

भूमिती

वाया जात नाही. 'फ्री मार्केट'मध्ये बघा. पोलीस -५, सगळे गट यालाच भितात, कारण हद्दीबाहेरच्या प्रत्येक लष्करी तुकडीमागे दोन ड्रोन. स्पार्टाला मात्र -४ पडतं, म्हणजे तुकडीमागे एकच. त्यामुळे बाजारपेठ चालू ठेवून छोटी मोहीम काढणं हे स्पार्टालाच परवडतं. 'वेल्थ' बंद असलं तरी 'फ्री मार्केट'ची इकॉनॉमी +२ पूर्ण मिळते आणि प्रत्येक चौकोनाला एक ऊर्जा जादा. सँटियागो भांडवलशाहीविरोधी आहे हा गैरसमज आहे. तिला फक्त पैशाची पूजा नको आहे.

---

सातवा_गडी

भूमितीचं शेवटचं वाक्य नेमकं आहे, आणि मी मघाशी हेच म्हणत होतो.

अजून एक. मला हा गेम यासाठी मोठा वाटतो की त्यानं लष्करशाहीची किंमत आकड्यात घातली आहे. बाकीच्या गेममध्ये लढवय्या गट म्हणजे तोफ मोठी आणि संशोधन कमी, झालं. इथे 'पॉवर' लावलं की कारखाने मंदावतात, कारण माणसं कवायत करतायत. तुम्ही खेळाडू म्हणून ती मंदी स्वतः सोसता. २०१४ मध्ये त्याच कंपनीचा 'बियाँड अर्थ' आला तेव्हा मला याचीच उणीव भासली. गट होते, पण ते कुणाशी भांडायला उठावेत असं काही त्यांच्यात नव्हतं.

---

हेमाताई

पण ज्यांच्या जिवावर कवायत चालते ते गेममध्ये दिसत नाहीत. हेलॉट कुठे आहेत? ड्रोन हा आकडा आहे, माणूस नाही. पाडलेल्या बेसमधल्या लोकांचं काय होतं ते आपण एका बटणावर ठरवतो आणि पुढे जातो. गेमवर माझं प्रेम आहे म्हणूनच हे खुपतं.

---

सातवा_गडी

नर्व्ह स्टेपलिंग (दंगलखोरांना जबरदस्तीनं शांत करणं) केलं की ते अत्याचारात धरलं जातं, निर्बंध येतात. इतकं तरी आहे. पण तुमचा मुद्दा राहतोच, ताई.

---

कवचकुंडल

दोन आठवड्यांनी परत आलोय. थिंकर पातळी, मॉडसकट. शेजारी झाखारोव.

रानवेडाप्रमाणे पॉड आणि वर्म, त्या ऊर्जेवर फॉर्मर. संशोधन सरळ नॉनलिनियर मॅथेमॅटिक्सकडे. इम्पॅक्ट रोव्हर त्याच वळणाला सगळीकडे लावले, दर्यावर्दी म्हणाले तसे. झाखारोवच्या सीमेवरच्या बेसमध्ये फक्त स्काउट, चिलखत १. पहिला बेस पडला की एक शोध मिळतो, आणि झाखारोवकडे शोधच शोध. प्रत्येक बेसमध्ये नेटवर्क नोड (संशोधन वाढवणारी इमारत) आयता. त्यानं सिंथमेटल चढवेपर्यंत अर्धी युनिव्हर्सिटी माझी होती. तिथे थांबलो, तह केला आणि मध्यरात्रच्या पद्धतीनं डेमोक्रॅटिक-प्लॅन्ड लावून बेस फुगवले.

'पॉवर' एकदाही लावलं नाही.

---

मध्यरात्र

तह केलास ते बरं केलंस. यांग कुठे आहे नकाशावर?

---

कवचकुंडल

समुद्रापलीकडे. त्याच्या प्रत्येक बेसला पेरिमिटर डिफेन्स (तटबंदी) फुकट, रोव्हर तिथे उपयोगाचे नाहीत. 'डॉक्ट्रिन: एअर पॉवर'पर्यंत थांबावं म्हणतो.

---

दर्यावर्दी

नीडलजेट (विमान) बांधशील तेव्हा त्याचाही प्रोटोटाइप फुकटच. पण बेस ताब्यात घ्यायला जमिनीवरची तुकडी लागते, तेव्हा वाहतुकीचं जहाज आत्ताच पाण्यात सोड.